काळीतले घर, पांढरीतले घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. या म्हणीत घर बांधण्याची सगळी दगदग आली, पण घर विकत घेण्याबद्दल तिच्यात चकार शब्द नाही. याचे कारण सरळ आहे. आपल्या खेड्यांत घर विकत घेण्याची रीत फारशी नव्हतीच. घर वडिलोपार्जित असायचे, नाहीतर गावठाणातल्या जागेवर भाऊबंदांच्या मदतीने उभे राहायचे. ते विकायला निघाले की गावाच्या भुवया उंचावत. कर्ज, भाऊबंदकी, निर्वंश, गाव सोडून जाणे, यांपैकी काहीतरी घडल्याशिवाय उंबरा विकला जात नसे. म्हणून घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असे, ‘का विकतोय?’ आणि दुसरा, ‘वास्तू लाभेल ना?’ भिंतीचा प्रश्न तिसरा. तो घेणारा स्वतः विचारतच नसे. त्यासाठी तो गावातल्या सुताराला किंवा गवंड्याला बरोबर नेत असे.

आज ही स्थिती उरलेली नाही. परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाताना सिरसाळा लागते. परळी तालुक्यातले हे मोठे, बाजाराचे गाव. अशा गावांत आता घरे, गाळे, प्लॉट यांची खरेदी-विक्री राजरोस चालते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचा माणूस मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, दुकानासाठी रस्त्यावरच्या गावात घर घेतो. आयुष्यभराची पुंजी त्यात जाते. तो उतारा पाहतो, चतुःसीमा पाहतो, दार पूर्वेला आहे की दक्षिणेला हे पाहतो, फरशी पाहतो. घर उभे कशावर आहे आणि ते एकमेकांत कसे बांधलेले आहे, हे मात्र पाहायचे राहून जाते. जुन्या काळी निरक्षर माणसाला जी पारख होती ती शिकलेल्या माणसाकडून कशी सुटली, याचा मागोवा घेण्यासारखा आहे.

सुरुवात जमिनीपासून करू. मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानलेले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. महसुलाच्या जुन्या व्यवहारात ही विभागणी रूढ होती, आणि तिच्यामागे व्यवहाराचे शहाणपणही होते. मराठवाड्याची काळी कसदार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला, ज्वारीला ती मानवते, घराच्या पायाला मानवत नाही. वर्षातून एकदा उचलणाऱ्या आणि एकदा खचणाऱ्या जमिनीवर भिंत सरळ कशी राहणार? म्हणून वस्ती उंचवट्यावर, पांढरीत. तिथली माती फुगत नाही, पाणी धरत नाही. आणि हीच पांढरी माती घराच्या छतावर टाकायलाही उत्तम.

पांढरीत एकच भय होते. पिढ्यान् पिढ्या वस्ती असलेल्या जागी जमिनीखाली धान्याची जुनी पेवे असत. पेव बुजवले नसेल आणि त्याच्यावरच कोणी भिंत घातली, तर एखाद्या पावसाळ्यात ती भिंत खाली बसे. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो, पण घरमालकाला हे शब्द शब्दशः भोवू शकत. जाणता गवंडी म्हणूनच खोलीच्या मधोमध पाय आपटून जमीन पोकळ वाजते का, हे पाहत असे.

आता घराकडे येऊ. बालाघाटाच्या रांगांपासून गोदाकाठापर्यंत सगळीकडे माळवदाची घरे होती. जुन्या कागदपत्रांत अशा घराचे माप फुटांत नसून खणांत दिलेले असते. पाच खणांचे घर, बारा खणांचे घर. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, म्हणजे एका अर्थी लाकडी सांगाड्याचे एक घर. या मापातच एक बारकावा दडलेला आहे. घर मोजायचे ते लाकडावर, भिंतीवर नाही. तळखड्यावर उभे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा किलच, त्यावर पाला आणि सगळ्यांवर पांढरी माती. छताचा भार खांबांनी घ्यायचा आणि भिंतीने फक्त ऊन, वारा आणि चोर अडवायचा, अशी ही मूळ रचना.

सुतार घर पाहायला आला की तो भिंतीकडे नंतर वळत असे. आधी तो खांबापाशी उकिडवा बसे. खांब कुजतो तो तळाशी, तळखड्याच्या वर चार बोटे, जिथे जमिनीची ओल पोचते. तिथे तो दाभण टोचून पाही. दाभण सहज आत गेली तर खांब वाळवीने खाल्लेला. मग काठीने तुळईवर ठोके. टणक लाकूड खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. तुळई भिंतीत शिरते ते टोक तो आवर्जून पाही, कारण छत गळले की पाणी तिथेच मुरते. गवंडी ओळंबा सोडून भिंत कलली आहे का हे बघे आणि भिंतीला डोळा लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकी. मधे कुठे फुगवटा दिसला, की तो म्हणे, ‘भिंतीला पोट सुटलंय.’

या पोट सुटण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यात आहे. दगडाची दोन फूट, तीन फूट, कुठे कुठे चार-पाच फूट जाडीची भिंत आपल्याला बुरुजासारखी अभेद्य वाटते. पण ती एक भिंत नसते; दोन असतात. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे नि माती. दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवण्यासाठी अधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा असतो. असा दगड मिळवायला, घडवायला आणि उचलायला खर्च येतो. वाडे आणि देवळे बांधणाऱ्यांकडे चुन्याच्या घाण्या होत्या, घडीव दगड होता, कसबी कारागीर होते. साध्या कुणब्याच्या घराला माती आणि शेतातले गोटे. आरपार दगड टाळले की दोन्ही रांगा वेगळ्या होऊ लागतात आणि मधली माती पावसात फुगून त्यांना बाहेर ढकलते. हेच ते पोट.

काळ बदलत गेला तशी या रचनेत दोन ठिकाणी खोट येत गेली. पहिली लाकडाची. सागवान महाग झाले, रानातले लाकूड आटले. भिंतीलगतचे खांब गाळून तुळईचे टोक सरळ भिंतीवर टेकवायची पद्धत वाढली. दिसायला घर तेच राहिले, पण अडोसा म्हणून घातलेल्या भिंतीच्या डोक्यावर आता छत आले. दुसरी खोट मातीची. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी पांढरी माती टाकायची. जुनी काढायची कोणी तसदी घेत नसे. वर्षाला दोन बोटे म्हटले तरी पन्नास वर्षांत काय होईल? दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट जाडीचा थर साचला तर त्याचे वजन नऊ टनांच्या आसपास भरते. एक भरलेला ट्रक म्हणा ना. त्या ट्रकाखाली माणसे झोपत होती, आणि घर उन्हाळ्यात गार राहते म्हणून खूशही होती. ते खरेच गार राहत असे.

आपला मुलूख भूकंपाचा नाही, अशी सर्वांची खात्री होती. दख्खनचे पठार पुरातन आणि स्थिर, असे शाळेच्या भूगोलात शिकवले जाई. भूकंपाच्या नकाशावरही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले तेव्हा धरणाची चर्चा झाली, मराठवाड्याला त्यात आपल्यासाठी काही वाटले नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात जमीन गुरगुरू लागली. १८ ऑक्टोबर १९९२ ला मोठासा धक्काही बसला. लोक काही रात्री बाहेर झोपले, मग पुन्हा घरात गेले.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावे नुकती झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे मातीला मिळाली. किल्लारी, सास्तूर ही नावे जगाला कळली. सरकारी हिशेबाने जवळपास आठ हजार माणसे गेली. किल्लारीपासून सिरसाळा सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. परळी, अंबाजोगाई, माजलगावकडची माणसेही त्या पहाटे अंगणात आली होती.

भूकंपाची तीव्रता ६.२ च्या घरात होती. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. असे धक्के जपानमध्ये बसतात तेव्हा इतकी माणसे मरत नाहीत. इतक्या मृत्यूंचे कारण तपासायला अभियंते आले तेव्हा ढिगाऱ्यांत त्यांना जे दिसले ते आपल्या गवंड्याने ‘पोट सुटलंय’ या दोन शब्दांत सांगून ठेवले होते. जाड भिंती मधोमध उकलल्या होत्या. बाहेरची रांग बाहेर पडली, आतली आत, आणि वरचे टनावारी माती असलेले छत त्यामागोमाग खाली आले. काही घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा जागेवर उभा होता. छताचा भार जिथे खांबांवर होता तिथली ही घरे. जुन्या सुताराने खणाखणाने मोजलेले घर त्याने मोजले त्याच कारणाने टिकले, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत मराठवाड्यात एक अभूतपूर्व गोष्ट घडली. घरांची एवढी मोठी तपासणी या मुलखाने पूर्वी कधी पाहिली नव्हती. सरकारी अभियंते गावोगाव, घरोघर फिरले, भेगा मोजल्या, प्रत्येक घराच्या नुकसानीची प्रत ठरवली. बावन्न गावे नव्या जागी उभारायची ठरली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९४ पासून भूकंप पुनर्वसनाचा जो कार्यक्रम चालला, त्यात आजूबाजूच्या जिल्ह्यांसह सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. यात एक गमतीचा उलटा न्याय होता. एरवी विकणारा भेगा लपवतो आणि घेणारा शोधतो. इथे घरमालकच अभियंत्याचा हात धरून प्रत्येक भेग दाखवत होता, कारण जितकी भेग मोठी तितकी मदत मोठी. घरे पारखायला शिकण्याची ही नामी संधी होती. पण त्या पारखीचा उद्देश अनुदान ठरवणे हा राहिला, आणि अभियंता गेला तसे त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर गेले.

मजबुतीकरणाची कामे आज पुन्हा आठवण्यासारखी आहेत, कारण ती साधी नि स्वस्त होती. माळवदावरचा जादा मातीचा थर उतरवायचा. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरका लाकडी आधार ठोकायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात आकडे वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे राहून गेलेला आरपार दगड मागाहून घातल्यासारखे होते. दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती पट्टा फिरवायचा. रुरकीचे प्राध्यापक आनंदस्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी दगड-मातीच्या घरांसाठी हे उपाय मांडले होते, आणि भारतीय मानक संस्थेची अशा घरांविषयीची मार्गदर्शक पुस्तिका योगायोगाने त्याच १९९३ सालची आहे. या सर्व उपायांचे सार एकच होते, घर एकमेकांत बांधा.

लोकांनी मात्र वेगळा धडा घेतला. दगड मारतो, माती मारते, असे त्यांच्या मनाने घेतले. ज्यांनी आपली माणसे दगडांखालून काढली त्यांना हे सांगायला कोण जाणार की दोष दगडाचा नव्हता? पुनर्वसनाच्या गावांत कित्येक जण वर्षानुवर्षे स्लॅबखाली झोपायलाही धजत नव्हते, अंगणात पत्र्याचे शेड टाकून राहत. हळूहळू भीती दगड-मातीपुरती उरली आणि सिमेंटवर मात्र डोळे झाकून विश्वास बसला. एखाद्या घराला ‘आरसीसी’ म्हटले की पुढचे प्रश्न थांबू लागले. माझ्या मते आपली पारख गेली ती इथे.

सिमेंट खेड्यात तसे उशिराच आले. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे त्याची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या ताब्यात होते. परवाना मिळवून पोते आणावे लागे. सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्याला पद सोडावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. त्यानंतर गावोगाव दुकानांत पोती आली. चार वर्षांनी किल्लारी झाली. म्हणजे माती-दगडात हयात घालवलेल्या गवंड्याच्या हातात सिमेंट आले ते अगदी अलीकडे, आणि लगोलग सगळ्या मुलखाला एकदम स्लॅब हवा झाला. शिकायला सवड कोणाला होती?

मातीच्या घराचा दोष डोळ्यांना दिसे. काँक्रीटचा पोटात राहतो. सळई किती, कोणत्या जाडीची, जोडावर कशी वळवली, वाळू धुतलेली होती की मातकट, काँक्रीटमध्ये पाणी किती ओतले, हे सगळे चोवीस तासांत झाकले जाते. मग त्यावर पाणी मारायचे. कोरड्या, तापलेल्या हवेत निदान दहा दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे, असे मानक सांगते. आता बीड जिल्ह्याचे पाण्याचे दुखणे आठवा. इथले लाखो हात दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचे पट्टे पडले की परततात. हातात पैसा येतो तेव्हा वैशाख लागायला आलेला असतो, आणि मृगाच्या आत घर उभे करायचे असते. म्हणजे स्लॅब पडतो तो ऐन टंचाईत, प्यायचे पाणी टँकरने येत असताना. तिथे गच्चीवर आळी करून पाणी साठवायला सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आठवा. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून या भागात घर घेताना ‘घर किती वर्षांचे?’ एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या साली, कोणत्या महिन्यात स्लॅब पडला आणि तेव्हा पाणी कुठून आणले, हे विचारावे. विकणाऱ्याला या प्रश्नात काही वावगे वाटत नाही आणि तो सहसा खरे सांगून जातो. उलट टँकरच्या हालांची हकिगत तो रंगवून सांगतो.

गावे पसरली तशी पांढरी संपली, आणि प्लॉट काळीत पडू लागले. रस्त्यालगतची काळी शेती बिगरशेती झाली, तिथे घरे आली. काळ्या मातीवर बांधायचे तर पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो; फार खोलवर काळी असेल तर तळाशी कांद्यासारखा फुगीर केलेला काँक्रीटचा खांब जमिनीत घालण्याची रीत रुरकीच्या संशोधन संस्थेने विकसित केली. गावात तीन फुटांवर पाया थांबवला जातो, कारण खोदाईचे पैसे मातीत जातात, ते कोणाला दिसत नाहीत. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ती उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. विकणारा शहाणा असेल तर तो घर श्रावणात दाखवतो. नुकताच रंग दिलेला असतो, भेग मिटलेली असते. काळीतले घर पाहायचे ते मे महिन्यात, आणि एकदा पाहून ठरवायचे नाही. भेगेवर गिलाव्याचा जुना पट्टा दिसला आणि तोही पुन्हा तडकलेला असला, तर ती जमीन अजून हलते आहे.

रस्त्याकडेच्या घरांची आणखी एक तऱ्हा आहे. खाली दोन गाळे, वर राहते घर. दर्शनी बाजूला शटरच शटर, भिंत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत नव्याकोऱ्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडलेला होता. वर जड आणि खाली पोकळ, अशी ती रचना. सिरसाळ्यातल्या एका मजल्याच्या घराला अहमदाबादच्या इमारतीची उपमा देणे जरा ताणल्यासारखे होईल, पण न्याय तोच आहे. २००२ मध्ये भूकंपाचा नकाशा नव्याने आखला गेला तेव्हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. आपण आता ‘इथे भूकंप होत नाही’ असे म्हणू शकत नाही.

कायदा आपल्या मदतीला येतो का? सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कायदे कोरून घेतले. त्यात घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. भिंत कलली तर त्याने ती पदरच्या पैशाने पक्की करून द्यावी, हेही कलम आहे. आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बराच सौम्य आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असे त्याचे ५५ वे कलम म्हणते. म्हणजे दिसणारी भेग पाहणे ही घेणाऱ्याचीच जबाबदारी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणतो, बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर टाकली. मुंबईसारख्या शहरांत तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण ठरावीक काळाने करावे लागते. हे सगळे शहरातल्या मोठ्या प्रकल्पांना, सोसायट्यांना लागू. गावठाणातले वीस वर्षांचे सुटे घर एका शेतकऱ्याने दुसऱ्याला विकले तर त्याच्या मजबुतीचा दाखला कोणी मागत नाही, कोणी देत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घर कशाचे आहे याची नोंद असते, पण ती घरपट्टी आकारण्यासाठी. तिचा उपयोग मात्र करून घेता येतो. उताऱ्यावर ‘दगड-माती’ किंवा ‘विटा-माती’ असे लिहिलेले असेल आणि समोर गुळगुळीत सिमेंटचा गिलावा असेल, तर भिंत जुनीच आहे आणि तिला नवा सदरा घातला आहे, हे ओळखावे.

आता विटेचे. सिरसाळ्याच्या परिसरात वीटभट्ट्या मोठ्या प्रमाणावर आहेत. परळीला १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि त्याच्याबरोबर राखेचे डोंगर आले. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत विटांमध्ये राख मिसळणे बंधनकारक केले; पुढे ही मर्यादा वाढवली गेली. सिरसाळा त्या पन्नास किलोमीटरच्या बरेच आत आहे. राखेची वीट म्हणून ती वाईट असे मुळीच नाही. नीट प्रमाण घेतले, नीट भाजली, तर ती हलकी आणि चांगली असते. राख जास्त आणि जाळ कमी झाला, तर ती ठिसूळ होते आणि पाणी पिते. चांगल्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक पाणी पिऊ नये. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये.

बांधून झालेल्या घरात विटा हाती कशा लागणार, हा प्रश्न रास्त आहे. पण पुरते झाकलेले घर आपल्याकडे क्वचितच असते. पैसा दर्शनी बाजूला संपतो. शेजाऱ्याच्या बोळातली बाजू, गच्चीचा कठडा, जिन्याखालची जागा, मागचे न्हाणीघर, इथे गिलावा राहून गेलेला असतो. तिथे वीट नखाने खरवडून पाहावी, सांध्यात खिळा घालून पाहावा. सांधा भुसभुशीत निघाला तर विटा मातीत लावलेल्या आहेत. जिन्याखाली स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत सरळ चीर दिसली तर आतली सळई गंजली आहे. हातोडीच्या दांड्याने वाजवत गेले तर सुटलेला भाग बद्द वाजतो. सुताराची तुळई वाजवण्याची रीत इथेही लागू पडते. याहून बारीक शंका असेल तर तालुक्याच्या ठिकाणचा एखादा अभियंता बोलवावा. त्याच्याकडे काँक्रीटवर टेकवून कठीणपणा मोजायचा हातोडा असतो आणि त्याची फी खरेदीखताच्या मुद्रांक शुल्कापुढे किरकोळ असते. विकणाऱ्याला हे अपमानास्पद वाटेल, असा संकोच पुष्कळांना वाटतो. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर उचलतो, त्याला चार पावले चालवतो. तेव्हा बैलवाल्याला कधी राग येत नाही.

आणि घरातल्या बाईशी बोलावे. पाऊस कुठल्या कोपऱ्यात उतरतो, कोणते दार श्रावणात अडकते, कोणत्या भिंतीचे पोपडे दरवर्षी झाडून काढावे लागतात, हे तिला जितके ठाऊक असते तितके ते घर विकणाऱ्या तिच्या नवऱ्यालाही नसते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे घर सहा महिने कुलूपबंद असते. तिथे हा साक्षीदार नसतो, तेव्हा शेजारच्या घरी चहा घ्यावा. मग मागच्या बोळात शिरून, न गिलावलेल्या भिंतीला एकदा डोळा लावून पाहावे.